नव्व्याण्णवचा आकडा

आमच्या संख्याशास्त्र विभागात एक रीत होती. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर एखादं उत्तर नसेल, तर कॉम्प्युटरवर तो रकाना मोकळा सोडायचा नाही, तिथे ९९ टाकायचं. मोकळा सोडला की टाइप करणारा पुढचा आकडा मागे ओढायचा आणि अख्खी ओळ घसरायची, म्हणून ही युक्ती. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती. मीठ कुठल्या डब्यात आहे हे घरात कुणी लिहून ठेवतं का?

दुसरी रीत मात्र मला अजिबात सहन व्हायची नाही. कुणी चांगला प्रोग्राम लिहिला की बाकीचे तो पेन ड्राइव्हवर उचलून न्यायचे आणि मनाला येईल तसा बदलायचे. नऊ जणांकडे नऊ प्रती, नवांत नऊ चुका. त्याच सुमारास आमच्या कारेलीबागेतल्या घरी ब्रॉडबँड आलं. संख्याशास्त्राची ‘आर’ नावाची फुकट भाषा आम्ही वापरत होतोच. तिच्यात आपले प्रोग्राम एकत्र बांधून पॅकेज करता येतं आणि ते जगात कुणालाही घेता येतं, हे मला इंटरनेटवर कळलं. चूक सापडली तर एकदाच, एकाच ठिकाणी सुधारायची! विभागप्रमुख म्हणाले, “अहो बाई, नसती उठाठेव.” मी हंगामी अध्यापक होते. उठाठेवीला वेळच वेळ होता.

तीन महिने लागले. पॅकेज तपासण्याची एक आज्ञा असते. ती दिली की कॉम्प्युटर पानभर तक्रारी छापतो, एक मिटवली की दोन नव्या. शिवाय प्रत्येक प्रोग्रामसाठी मदतीचं पान लिहावं लागतं: काय घेतो, काय देतो, काय गृहीत धरतो. याचा मला जाम कंटाळा. माहिती साफ करणाऱ्या प्रोग्रामच्या पानावर मी एवढंच खरडलं, ‘माहिती साफ करतो.’ तो ९९ दिसलं की पुसून तिथे मोकळी जागा ठेवतो, हे लिहिलं नाही. सगळ्यांना ठाऊकच असतं की! शेवटी एकही तक्रार उरली नाही, त्या दिवशी मी खंडेराव मार्केटातून पेटीभर आंबे आणून विभागात वाटले. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

पॅकेज वापरणाऱ्यांत बालआरोग्यात पीएचडी करणारी एक मुलगी होती. गुजरातेत वाढलेली, पण आपल्यातलीच, मराठी; वडील रेल्वेत. लस दिल्यावर बाळाला किती ताप येतो, हा तिचा विषय. शहराच्या कडेच्या हरणी भागातल्या सोसायट्यांमधल्या आयांना तिने थर्मामीटर आणि वह्या दिल्या होत्या. आया तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून फॅरनहाइटच्या पूर्ण आकड्यात लिहायच्या. वह्यांच्या झेरॉक्सवरून आकडे टाइप करायचं काम तिने बाहेर दिलं होतं.

प्रबंध द्यायला बारा दिवस उरले असताना ती माझ्याकडे आलेख दाखवायला आली. तिचे मार्गदर्शक महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांची सही त्याआधी झाली नाही, तर नवा मार्गदर्शक, नवा अर्ज, आणि कबूल झालेली नोकरी हातची जाणार. “मॅडम, तुमच्या पॅकेजने वाचवलं हो मला,” ती म्हणाली.

आलेखात अठ्ठ्याण्णवची उंच काठी होती, शंभरची होती, एकशे एकची होती. मध्ये नव्व्याण्णव डिग्रीची जागा पडलेल्या दातासारखी रिकामी. माझ्या प्रोग्रामने बाळांचा ताप पुसून टाकला होता.

ती उत्साहात बोलत होती. “हाच तर माझा मुख्य निष्कर्ष आहे. बाळाचं अंग नुसतं कोमट लागलं तर आया मोजतच नाहीत, वही कोरी सोडतात.”

गप्प बसता आलं असतं. परीक्षकांना कळलं नसतं, तिची सही झाली असती. तेवढा विचार माझ्या मनात येऊन गेला, ते नाकारत नाही. मग मी सांगितलं, “चूक त्यांची नाही. माझी आहे.”

तिला समजायला दोन मिनिटं लागली. ओळ दुरुस्त करायला मला एकच लागलं. पुन्हा चालवल्यावर आलेखात सगळ्यात उंच काठी नव्व्याण्णवची आली. ते प्रकरण तिने सहा दिवसांत नव्याने लिहिलं, सही वेळेत झाली. मदतीचं पानही मी त्याच आठवड्यात नीट लिहिलं. पण त्या दुपारी ती रडायला लागली, ती प्रबंधासाठी नव्हेच. “मॅडम, मी दोन महिन्यांपूर्वी घरोघर जाऊन त्या आयांना बोलले हो. निष्काळजी आहात म्हणाले. कॉम्प्युटरवर आलंय म्हटल्यावर कुणी वहीसुद्धा उघडली नाही. उलट माफी मागितली.”

सही झाल्यावरच्या रविवारी आम्ही दोघी हरणीला गेलो. पहिल्याच घरातल्या गुजराती बाईने “आवो, बेन” म्हणत आम्हाला बसवलं आणि विचारायच्या आधीच वही पुढे केली. अभ्यास केव्हाच संपला होता, तरी बोलणी खाल्ल्या दिवसापासून ती रोज दोनदा ताप मोजून लिहीत होती. बाळ ठणठणीत. पानंच्या पानं अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. “बघा,” ती गुजरातीत म्हणाली, “आता एकदाही चुकले नाही.”

मी वहीची पहिली पानं उलटली. लसीनंतरच्या तिन्ही दिवसांचे नव्व्याण्णव तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. चूक माझ्या प्रोग्रामची होती, तुमची मुळीच नव्हती, असं मी तिला दोनदा सांगितलं. ती हसली, बाळाला कडेवर घेतलं आणि म्हणाली, “असू दे हो, बेन. मला बरं वाटावं म्हणून बोलताय. कॉम्प्युटर कुठे चुकतो?”