चपलांपाशी

राहुरीत आमच्या शेजारचे किराणा दुकानदार हरिनाम सप्ताहात कधी मंडपात बसत नाहीत. ते बाहेर चपलांपाशी बसतात, येणाऱ्याचे जोडे हातानं लावतात आणि म्हणतात, "आमी कोन? भक्तांच्या पायाची धूळ." हे इतक्या मोठ्यानं, की आत बुवांचं कीर्तन अडखळतं. मी संकोचून चपला लांब सोडतो. ते तिथून उचलून आणतात.

यंदा त्यांना जरा उशीर झाला. येऊन बघतात तर त्यांच्या जागेवर एक निवृत्त मास्तर जोडे लावत बसलेले. आत बुवा अहंकारावरच बोलत होते. दुकानदारांनी मास्तरांचा दंड धरला.

"उठा मास्तर. माझ्यापरीस लहान मानूस या गावात दुसरा न्हाई. इचारा बुवांना."