सत्यभामानं उतरवलेली मुलाखत

अंबाजोगाईच्या बाहेर माळावर एक कॉलेज आहे. गावातले लोक त्याला 'बिनपोरांचं कॉलेज' म्हणतात, कारण तिथं ना बी.ए.चे वर्ग, ना गॅदरिंग, ना फाटकाशी मोटारसायकलींचा गराडा. तिथं फक्त समाजाचं संशोधन चालतं. एम.ए. झालेली तीस-पस्तीस मुलंमुली असतात. ती गावोगाव हिंडून लोकांना प्रश्न विचारतात, आणि चार-पाच वर्षांनी एक जाडजूड प्रबंध लिहून डॉक्टर होऊन जातात. रिक्षावाला यासीन दारात सवारी उतरवताना हटकून विचारायचा, "आक्का, ते सगळं खरं, पर इथं शिकून माणूस करतो काय?"

तिथं काम करणारी सत्यभामा हसून म्हणायची, "लोकांचं ऐकतो."

ऐकणं हेच तिचं काम होतं. तिचा नवरा या कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होता. काविळीनं तो गेला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती, पोटी मूलबाळ नव्हतं. बारावी झालेली होती. स्टँडजवळच्या क्लासमध्ये ती मराठी टायपिंग शिकली आणि कॉलेजनं तिला मुलाखती उतरवायला घेतलं. विद्यार्थी गावांतून मुलाखती रेकॉर्ड करून आणत, ती कानाला हेडफोन लावून त्या शब्दन् शब्द टाईप करी. माणूस खोकला तर कंसात 'खोकतो' लिही, म्हातारी बोलता बोलता गप्प झाली तर 'थांबते'. माणूस 'गेलतो' म्हणाला तर 'गेलतो'च. पुण्याहून आलेले एक पाहुणे प्राध्यापक म्हणाले होते, या बाईंनी उतरवलेलं वाचताना माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. ते वाक्य तिनं बरेच दिवस जपून ठेवलं होतं.

कामाचे दोन नियम होते. ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, तसं तिनं हमीपत्रावर सही करून दिलं होतं. आणि आपल्या गावाची किंवा नात्यातल्या माणसाची मुलाखत हाती आली, तर न ऐकता परत करायची. बारा वर्षांत तिनं एकही नियम मोडला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर प्रियदर्शनी नावाची विद्यार्थिनी पेन ड्राइव्ह घेऊन आली. मुलगी लातूरची, बोलायला गोड. बायकांना माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळतो का, हा तिचा विषय. मुलाखती होत्या सिरसाळ्याच्या आणि घाटनांदूरच्या.

घाटनांदूर सत्यभामाचं माहेर. कॉलेजच्या कागदावर तिचा पत्ता अंबाजोगाईचा, त्यामुळे प्रियदर्शनीला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. सत्यभामानं तोंड उघडायला हवं होतं. पण तिला गावाचे आवाज ऐकायचे होते. एवढं मोठं गाव, आपल्या ओळखीचंच कोण निघणार, अशी तिनं मनाची समजूत घातली.

पहिले आठ दिवस मजेत गेले. मागं रेल्वेचा भोंगा वाजला की ही मुलाखत स्टेशनाकडच्या आळीतली, हे तिला कळे. मग सतरा नंबरची मुलाखत आली. वर माहिती एवढीच होती: पुरुष, वय एकेचाळीस, जमीन सहा एकर. आणि हेडफोनमधून आवाज आला, "इचारा म्याडम, काय इचारायचं ते."

तो तानाजी होता. तिचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा ही सात वर्षांची, त्याला कडेवर घेऊन ती साऱ्या गल्लीभर फिरली होती.

तिनं हेडफोन काढून ठेवला. मग पुन्हा लावला. तिला वाटलं, माझ्याविषयी काहीतरी बोलेल. चांगलंच बोलेल.

"बहिणीला हिस्सा दिलात का?" प्रियदर्शनीनं विचारलं होतं.

"माझी अक्का लई गुणाची. तिनं सोताहून सोडला."

सत्यभामाला ऐकून बरं वाटलं.

"स्वतःहून म्हणजे कसा?"

तानाजी हसला. "नाव न्हाई ना येनार कुटं?"

"नाही. नाव, गाव, काहीच येणार नाही. माझा शब्द."

"मग सांगतो. सोताहून कोन सोडतंय वो? सोडवावा लागतो. आमची आई दवाखान्यात व्हती. अक्का रोज डबा घिऊन यायची. त्या दिवशी ती च्या आनाया खाली गेलती. आईनं मला जवळ बोलावलं. म्हनली, थोरलीला हिरीकडचा तुकडा दे, तिला आता कुनाचा आधार न्हाई. येवढं बोलली आन् गेली. बायको बी व्हती बाजूला. तिला म्हनलं, तोंड उघडायचं न्हाई. अक्का वर आली, रडरड झाली, मग इचारलं, आई काय म्हनली? म्या म्हनलं, आई म्हनली, थोरलीला सांग, भावाच्या जमिनीत हिस्सा मागू नको. झालं. तेराव्यानंतर आठ दिसांनी हक्कसोडीच्या कागदावर तिची सही."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कावून वाटावं? दिवाळीला लुगडं हाय, मानपान हाय. ती लई भोळी हाय म्याडम. आजून बी लोकायला सांगती, आईनं सांगितलं म्हनून सोडला."

आसपास बसलेले त्याचे दोघं-तिघं दोस्त खदखदून हसले. सत्यभामानं कंसात टाईप केलं: 'सगळे हसतात'. पुढची वीस मिनिटंही तिनं उतरवली, एक अक्षर न गाळता. मग ती उठली, बाहेरच्या नळावर गेली, आणि तोंड धुवायचं विसरून नुसती वाहत्या पाण्याखाली हात धरून उभी राहिली.

जमिनीचं तिला एवढं काही नव्हतं. जमीन तिनं कधी मनात धरलीच नव्हती. पण आई गेल्यापासून नऊ वर्षं ती एक गोष्ट गिळत आली होती. मरताना आईला आपली आठवण आली, ती आपल्याला अडवायला. लेक हिस्सा मागेल, भांडेल, असं आईला वाटलं. रोज डबा नेला, अंग पुसलं, वेणी घातली, तरी वाटलं. आईच्या फोटोपुढं उदबत्ती लावताना दर वेळी हेच मनात येई, आणि ती स्वतःलाच दटावी. आता कळलं, आईनं तसं काही म्हटलंच नव्हतं. नऊ वर्षं ती नसलेल्या गोष्टीसाठी आईवर रुसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रियदर्शनीला गाठलं आणि म्हणाली, "सतरा नंबर माझा भाऊ आहे."

मुलगी पांढरीफटक पडली. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं, गाव माझं आहे. चूक माझी. आता मी काय करू?"

"ताई, तुम्ही त्याला काही बोललात तर... मी त्याला शब्द दिलाय. उद्या गावात कुणीच आमच्याशी बोलणार नाही."

"तुझ्या शब्दावर तो बोलला," सत्यभामा म्हणाली, "आणि त्याच्या शब्दावर मी सही केली. माझ्यासाठी कुणी शब्द दिला होता का गं?"

प्रियदर्शनी रडायला लागली. सत्यभामालाच तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

प्रकरण संचालक शिवशंकर सरांपर्यंत गेलं. सर सज्जन माणूस. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "सत्यभामाबाई, फार वाईट झालं. पण रेकॉर्डिंग बाहेर जाऊ शकत नाही. तुम्ही ऐकलंय, हेही कुणाला कळता कामा नये. तुमचं हमीपत्र आहे आपल्याकडे." हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तिच्या कॉम्प्युटरवरून घाटनांदूरच्या सगळ्या मुलाखती काढून घेतल्या गेल्या. बारा वर्षं ज्यांनी तिच्या कानावर विश्वास टाकला, त्यांना आता त्याच कानाची भीती वाटत होती. सर बोलले त्यात चूक काय, हे तिला काही केल्या सापडेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

डिसेंबरात येळवस आली. दरसाल या अमावस्येला तानाजी तिला शेतात जेवायला बोलवी, तसं या वर्षीही बोलावलं. ती गेली. शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली होती. हिरव्या दाण्या-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठात आंबील. दहा-बारा माणसं पंगतीला बसली होती. तानाजीची बायको छबुबाई वाढत होती.

सत्यभामानं ठरवलं होतं, त्याला एक संधी द्यायची.

"तानाजी," ती सहज विचारल्यासारखी म्हणाली, "आई जाताना माझ्याविषयी नेमकं काय म्हणाली होती रे? आज लई आठवण यायली."

तानाजीनं घास गिळला. "किती डाव सांगू, अक्का? हिस्सा मागू नको म्हनली. भावाला संभाळून घे म्हनली."

"एवढंच?"

"आईची शपथ. येवढंच."

छबुबाईच्या हातातलं आंबिलीचं भांडं तसंच राहिलं. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

सत्यभामानं ताट बाजूला सारलं. "पुढच्या दिवाळीपासून मला लुगडं आणू नको," म्हणाली आणि बांधावरून रस्त्याकडे चालू लागली.

"आगं, कावून? काय झालं काय?" तानाजी मागून ओरडला. त्याला खरंच काही कळलं नव्हतं. आणि तिला सांगता येत नव्हतं.

मग गावात त्याचा अर्थ लावला गेला. तानाजीनंच लावला. अक्काला उतारवयात जमिनीची हाव सुटली, कुणीतरी तिला फूस लावतंय. आठ दिवसांत चुलते विठ्ठलराव यांचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढं, आवाज अजून खणखणीत. "पोरी, आईचा शेवटचा शब्द मोडतीस का? लाज न्हाई वाटत?"

तिच्या ओठावर सगळं आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर पुरलं असतं.

"न्हाई काका," ती म्हणाली, "आईचा शब्द मी मोडत न्हाई." आणि फोन ठेवला.

फाल्गुनात एके दुपारी छबुबाई तिच्या दारात उभी राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आली होती, हातात ज्वारीची पिशवी. पाणी प्यायली, चहा प्यायली, भिंतीवरच्या सासूच्या फोटोकडे पाहत बसली. मग एकदम म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी म्या तिथंच व्हते. दवाखान्यात."

सत्यभामानं हातातली कपबशी खाली ठेवली.

"सासूबाई तसं न्हाई म्हनल्या. हिरीकडचा तुकडा तुमाला द्या म्हनल्या. यांनी मला गप केलं."

"कसं म्हणाली? जसं म्हणाली तसं सांग."

"म्हनल्या, 'माझ्या थोरलीला दे.' दोनदा म्हनल्या. 'माझ्या थोरलीला.' मग दाराकडं बघाया लागल्या. तुमी च्या घिऊन येताव का बघत व्हत्या."

दाराकडं बघितल्याचं तानाजीनं सांगितलं नव्हतं. सत्यभामानं पदर तोंडात धरला. नळावर न आलेलं रडू आत्ता आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. छबुबाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली.

डोळे पुसून सत्यभामा म्हणाली, "छबू, हेच चार माणसांत सांगशील? निदान विठ्ठलकाकापुढं?"

छबुबाईनं हात काढून घेतला. "न्हाई, वन्सं."

"मग मला कावून सांगितलंस?"

"राहवंना म्हनून." ती उठली, पिशवीतली ज्वारी तिनं डब्यात ओतली. "मला त्याच घरात नांदायचं हाय."

सत्यभामा तिला स्टँडपर्यंत सोडायला गेली. घाटनांदूरची गाडी लागलेली होती. छबुबाई खिडकीशी बसली, आणि दोघी गाडी हलेपर्यंत उन्हाबद्दल बोलत राहिल्या.

सत्यभामा अजून कॉलेजात मुलाखती उतरवते. विहिरीकडचा तुकडा तानाजीच्या नावावर आहे, यंदा त्यात त्यानं हरभरा घेतला. गावात अजून म्हणतात, थोरलीनं भावाचं मन मोडलं.