पाठ करून पाहिलेले सामने

माझी माय चार वर्षं अकोल्याहून अमरावतीला बास्केटबॉल बघायला जात होती, आणि चारही वर्षं ती खेळाकडे पाठ करून बसली. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग जायची कशाला?" या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो. जायची कशाला म्हणजे काय? पोरगा खेळत होता तिचा.

दादा माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. आमच्या अख्ख्या गोतात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिला. बाबा अकोल्याला प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि आम्ही जुन्या शहरात दोन खोल्यांत राहायचो. दादा अमरावतीच्या होस्टेलमध्ये राहायला गेला तेव्हा नुसताच उंच होता. इतका की आमच्या दारातून वाकून यावं लागे. तो कुणावर गेला हे बाबांकडच्या माणसांना सांगता येईना आणि मायच्या माहेरच्यांनाही. पहिल्याच दिवाळीत घरी येऊन त्याने सांगितलं की कॉलेजने त्याला बास्केटबॉलच्या टीममध्ये घेतलं. बाबांनी विचारलं, "अभ्यासाचं काय?" मायने विचारलं, "लागत तर नाही न त्याच्यात?"

कॉलेजा-कॉलेजांचे सामने संक्रांतीच्या आगेमागे अमरावतीला व्हायचे. बाबा रजा टाकायचे. आम्ही सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचो आणि तिथून टांग्याने अमरावतीला. सोबत भाकरी, तिळाची चटणी, मिरचीचा ठेचा आणि दादासाठी वेगळ्या फडक्यात बांधलेल्या गुळाच्या पोळ्या. अमरावतीला पोचलं की बाबा संत्री घ्यायचे. मैदानावर उन्हात बसून संत्री सोलायची, बोटांना तो वास, समोर मातीवर चुन्याच्या फक्कीने मारलेल्या रेघा आणि टणक जमिनीवर चेंडूचा धप-धप आवाज. हल्ली टीव्हीवर लाकडी, चकचकीत मैदानं दिसतात. तिथे चेंडू वाजतो, पण तसा नाही वाजत. तो आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन.

आता मायच्या पाठीविषयी. आमच्याकडे म्हणतात की परक्याच्या नजरेपेक्षा मायची नजर लवकर लागते. दादा लहान असताना एकदा कुंपणाच्या भिंतीवर चढून तोल सावरत चालत होता. माय अंगणातून कौतुकाने बघत होती. तिच्या डोळ्यांदेखत तो पडला आणि हात मोडला. तेव्हापासून दादा काही चांगलं करत असला की माय नजर वळवायची. तो जेवायला बसला तरी ती त्याच्या ताटाकडे बघायची, तोंडाकडे नाही.

बाबांना याचा भारी संताप. छप्पन साली आमच्या घराने धम्म घेतला, तेव्हा देवळीतले देव मायने स्वतःच्या हाताने मोर्णा नदीत सोडले होते. उपास सोडले, अंगारे-धुपारे सोडले, पोतराज दारात आला तर त्याला पीठ घालायचंही सोडलं. पण नजर सुटली नाही.

"आपण हे सारं सोडलं न वं?" बाबा म्हणायचे.

"देव सोडले," माय म्हणायची. "नजर का देव आहे?"

मग बाबा मास्तरी थाटात सारं पहिल्यापासून समजावू लागायचे. अकोला ते बडनेरा त्यांचा हाच वाद चालायचा. डब्यातले लोक ऐकून मजा घ्यायचे, कुणी कुणी मत द्यायचे. मत बहुतेक मायच्या बाजूनेच पडायचं.

पहिल्या वर्षी आम्ही बायकांच्या सतरंजीवर मधोमध बसलो. शिट्टी वाजली, दादा मैदानात आला आणि माय टुणकन वळून मागे तोंड करून बसली. मागे बसल्या होत्या प्राध्यापकांच्या बायका. आपल्याकडे टक लावून बसलेली ही बाई कोण, हे त्यांना कळेना. एकीने फार गोड आवाजात सांगितलं, "बाई, खेळ तिकडे आहे."

"माहीत आहे मले," माय म्हणाली, आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

पुढच्या वर्षीपासून आम्ही अगदी मागे, भिंतीला लागून बसू लागलो. मी मैदानाकडे तोंड करून, माय भिंतीकडे, खांद्याला खांदा. खेळ मी तिला सांगायचा, असं ठरलं. मला तरी कुठे खेळ कळत होता! "दादाले भेटला. दादा पळून राहिला. आता उडी मारली. टाकला!"

"गेला का?"

"गेला!"

मग माय भिंतीकडे बघून हसायची. तिचं ते हसू मी इतक्या जवळून पाहिलंय की दादाचे किती बास्केट मी त्यापायी चुकवले, याची मोजदाद नाही.

सामना संपला की दादा घामाने निथळत यायचा. "पाह्यलं का माय?"

"ऐकलं न बाप्पा. पोरीनं सारं सांगतलं."

तो हसायचा. पहिल्या वर्षी खळखळून हसला, दुसऱ्या वर्षी थोडा कमी. तिसऱ्या वर्षी माय पाणी आणायला गेली तेव्हा तो माझ्याशेजारी बसला, संत्र्याची फोड तोंडात न टाकता नुसती हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, "साऱ्या पोरायच्या घरचे पाहतात. एकदा तिनं पाह्यलं पाह्यजे. जिंकलो काय, हारलो काय. एकदा." मी मायला हे सांगितलं. त्या दिवशी गाडीत ती बाबांशी भांडली नाही. खिडकीबाहेर कापसाची रिकामी शेतं बघत बसली. बघायचं तिलाही होतं. फार होतं. तिच्या भिंतीकडच्या डोळ्यांत मला ते दिसायचं.

चौथं वर्ष शेवटचं. परीक्षा झाली की दादा भिलाईला नोकरीवर जाणार हे ठरलं होतं. टीम नेमकी अंतिम सामन्याला पोचली, समोर नागपूरचं कॉलेज. आणि आम्ही मैदानावर पोचतो तो दादा बाकावर बसलेला, पायाला पट्टी. आदल्या दिवशीच्या सामन्यात पाय मुरगळला होता.

मायने आधी पाय दाबून पाहिला, हळद लावली का विचारलं, डॉक्टरच्या नावाने बोटं मोडली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"म्हंजे तू खेळून नाही राहिला आज?"

"नाही वं."

"मंग मी पाहू शकतो!"

ती मला हाताला धरून थेट पुढे घेऊन गेली, चुन्याच्या रेघेला लागून. आणि माझ्या मायने, चार वर्षांत पहिल्यांदा, बास्केटबॉल पाहिला. काय पाहिला! घटकाभरात सारं कळलं तिला. चार वर्षं मी तिला जे सांगितलं होतं ते किती कुचकामाचं होतं, तेही कळलं. "हे तू काहून नाही सांगतलं, की ते एकमेकाच्या आडवे येतात?" ती मलाच बोलायला लागली. नागपूरच्या एका जाड्या पोराने आमच्या पोराला ढकललं तर ती उभी राहिली, "ए! डोळे फुटले का तुये?" प्राध्यापकांच्या त्याच बायका आता तोंडाला पदर लावून हसत होत्या. आमच्यामागे येऊन उभे राहिलेले बाबाही हसत होते. आणि दादा बाकावरून खेळाकडे कमी आणि मायकडेच जास्त बघत होता. इतका आनंदी चेहरा मी त्याचा नंतर त्याच्या लग्नातही पाहिला नाही.

उत्तरार्धात आमच्या कॉलेजची दोन पोरं फाउल होऊन बाहेर गेली. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा टीमच्या सरांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. तो उठला. पट्टी बांधलेल्या पायाने, किंचित लंगडत, मैदानात आला.

आणि माय वळली. एका क्षणात. मैदानाकडे पाठ.

आता आम्ही भिंतीपाशी नव्हतो, अगदी पुढे होतो. दादाला ती पाठ स्वच्छ दिसली. मी त्याचं तोंड बघत होते, म्हणून सांगते.

खेळ सुरू राहिला. आम्ही दोन गुणांनी मागे होतो. अगदी शेवटी दादा चेंडू घेऊन उडाला आणि त्या जाड्याने त्याला हातावर मारलं. शिट्टी. दादाला दोन फ्री थ्रो. सगळे बाजूला झाले. मैदान चिडीचूप. दादा रेघेवर उभा राहिला, चेंडू हातात धरला आणि जाळीच्या कड्याकडे न बघता आमच्याकडे बघू लागला.

बाबांना आधी उमगलं. "अवं, तो तुयासाठी थांबला आहे. वळ."

"मी नाही पाहत. नेम चुकन त्याचा."

"वळ म्हणतो न मी!"

"नाही."

फ्री थ्रो ठराविक वेळातच टाकावा लागतो, हे आम्हाला कुठे ठाऊक? पुन्हा शिट्टी झाली. पंचांनी हात आडवा हलवला, दादाच्या हातातून चेंडू घेतला. पहिली संधी बाद. सगळं मैदान ओरडायला लागलं, पोरं शिव्या घालायला लागली. या पोराला झालं तरी काय, कुणालाच कळेना. पंचांनी चेंडू दुसऱ्यांदा त्याच्या हातात दिला. तो तसाच उभा, आमच्याकडे बघत.

"काय झालं वं?" मायने मला विचारलं. "काहून शिव्या देऊन राहिले त्याले?"

"तो बॉल टाकूनच नाही राहिला, माय. तुयाकडे पाहून राहिला."

माय वळली. पदराचं टोक दोन्ही मुठींत गच्च धरून, डोळे सताड उघडे ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं. दादाने मान कड्याकडे केली आणि चेंडू टाकला. कड्याला शिवलासुद्धा नाही, सरळ जाळीतून खाली.

एका गुणाने हरलो. दादाच्या कप्तानाने त्याच्याशी बोलणं सोडलं ते परीक्षेपर्यंत. आपण का थांबलो, हे दादाने टीममध्ये कुणालाही कधी सांगितलं नाही. पाय दुखत होता, म्हणाला.

संध्याकाळी बडनेऱ्याच्या गाडीवर सोडायला तो आमच्याबरोबर टांग्यात बसला, पुढे, टांगेवाल्याशेजारी, पाय लांब करून. चार वर्षांचा वाद बाबा त्या दिवशी जिंकले होते. त्यांनी बोलून दाखवायला हवं होतं, त्यांचा स्वभाव तोच. पण ते घोड्याच्या कानांकडे बघत बसले.

अर्ध्या वाटेत माय म्हणाली, "मी नाही पाह्यलं तो वाया गेला. अन् पाह्यलं तो गेला जाळीत."

"हो," बाबा म्हणाले. एवढंच.

मी तिला चिकटून बसले होते. तिच्या आत काहीतरी हिशेब लागत होता आणि लागू नये असं तिला वाटत होतं, हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं. मग ती पुढे झुकली, दादाच्या पाठीला हात लावला आणि लहान पोरीसारखं विचारलं, "आता कधी हाय रे तुयी म्याच?"

दादा मागे वळला नाही.

"झाल्या वं माय," तो म्हणाला. "साऱ्या झाल्या."