हामिनाचं लाल सारोंग

पाओतेरे बंदराच्या धक्क्यावर दाएंग गासिंगइतके नीट दोराला वेढे घालणारा दुसरा कुणी नव्हता. दाएंग हा आमच्याकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी लावायचा मानाचा शब्द. दोर लाकडाला घासतो तिथेच झिजतो. तिथे हा माणूस डांबर फासायचा, त्यावर जुन्या सारोंगाचं, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या लुंगीचं, कापड आणि वरून सुतळीचे वेढे, इतके घट्ट की नखही शिरू नये. तो ज्या गलबतावर कामाला, त्याच गलबतावर मी तीस वर्षं भात शिजवला. दोस्ताची बढाई मारतोय, पण खोटी नाही.

कापड घरच्या बाईच्या सारोंगाचंच लागतं. ते दर्यावरच्या माणसाला घरी परत आणतं, असं आम्ही सगळेच मानतो. गासिंगची बायको हामिना वारली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी, भर पावसात, त्यानं तिचं लाल सारोंग डोलकाठी तोलून धरणाऱ्या पुढच्या दोरावर बांधलं. सात वर्षं वरून डांबर लावत राहिला, आतलं कधी उघडलं नाही.

यंदा जावाला लाकूड न्यायचं होतं. निघण्याआधी तांडेल दाएंग रेवा म्हणाला, "सगळे वेढे सोडून दोर बघा."

"तो एक सोडून," गासिंग म्हणाला.

"तोच आधी. अकरा माणसं असतात त्या काठीखाली."

"राहू दे की," मी मध्ये तोंड घातलं. "म्हाताऱ्याचा जीव अडकलाय त्यात."

"तू तुझी हंडी सांभाळ."

रेवानं स्वतः सुरी घातली. सारोंग आतून अजून लाल होतं. गासिंग हसलासुद्धा. मग रेवानं दोराला बोट लावलं आणि ते पेरापर्यंत आत गेलं. आत काळा, ओला लगदा होता. दोन-चार धागे काय ते शाबूत. त्या दिवशीचं पावसाचं पाणी आत कोंडलं होतं आणि दोर तेव्हापासून कुजत होता. त्या लगद्याच्या भरवशावर आम्ही वादळं काढली होती, आणि मी आत्ताच त्याची वकिली केली होती.

"बसा, दाएंग," रेवा म्हणाला. "थोडक्यात वाचलो. नवा दोर चढवू."

गासिंग बसला नाही. त्यानं सुटलेलं कापड हातात घेऊन उलगडलं. ते अर्धंच होतं.

"बाकीचं कुठाय?" मी विचारलं.

"साम्पाराच्या गलबतावर. त्याच दिवशी बांधलं. म्हटलं, पोरावर आईचा हात राहील."

साम्पारा त्याचा एकुलता एक मुलगा. त्याचं गलबत काल सकाळीच जावाकडे सुटलं होतं. मीही होतो धक्क्यावर. गासिंगनं ओरडून सांगितलं होतं, "आईचा वेढा कुणाला सोडू देऊ नकोस."

"नाही देणार, बाबा," असं तो म्हणाला होता.