मोठ्या सिस्टरांचं लॉगिन

कल्पना करा, रोज सकाळी तुमच्यासमोर एक यादी येते: इस्पितळात काल कुणी, कुणाची फाइल, किती वाजता उघडली. कामाशिवाय उघडणाऱ्याला तुम्ही पकडायचं. स्वतः मात्र एकही फाइल वाचायची नाही, घरच्या माणसाची तर मुळीच नाही.

हे काम करणाऱ्या बाईंना सगळे कुलूपताई म्हणत. अकरा वर्षांत त्यांनी सहा जणांना घरी बसवलं होतं. त्यात एक मावसबहीण होती. मावशीनं तेव्हापासून बोलणं टाकलं.

एका मंगळवारी यादीत वॉर्डाच्या मुख्य नर्सचं, मोठ्या सिस्टरांचं, नाव दिसलं. दुपारी एक दहा, एकच फाइल, चौथं पान, अकरा मिनिटं. सिस्टरांना वारून सात महिने झाले होते. आणि फाइल कुलूपताईंच्या नवऱ्याची होती. महिन्यापूर्वी तपासणी करून आला तेव्हा "काही नाही गं, नुसता अशक्तपणा," म्हणाला होता. तेव्हापासून जेवताना ताटातून मान वर करत नव्हता.

बुधवारी तेच. गुरुवारीही.

"त्यांचं लॉगिन बंद का नाही केलंत?" त्यांनी वॉर्डातल्या कारकुनाला झापलं.

"फॉर्मवर ज्याचं लॉगिन त्याचीच सही लागते, ताई. आता ती आणायला वर कोण जाणार? तुम्ही जाता?"

"जीभ आवर. पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"छे! सिस्टर स्वतःच्या सावलीलासुद्धा सांगायच्या नाहीत."

शुक्रवारी कारकून जेवायला गेल्यावर त्या सिस्टरांच्या संगणकासमोर बसल्या. दार आतून लावलं. एक दहाला स्क्रीन उजळली. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता, तरी पासवर्डच्या चौकोनात ठिपके पडू लागले. एकेक, सावकाश. सिस्टर एका बोटानं टाइप करायच्या, तसे.

नवऱ्याचं नाव आलं. पहिलं पान. दुसरं. तिसरं.

कुलूपताईंनी झटकन मान फिरवली. बघितलं असतं तरी कळणार कुणाला होतं? यादी त्याच तपासत होत्या. पण कुंपणानंच शेत खायचं? अकरा मिनिटं त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग आपल्या खोलीत येऊन त्यांनी सिस्टरांच्या सहीच्या जागी स्वतःची सही ठोकली आणि लॉगिन कायमचं बंद केलं.

रविवारी यादी स्वच्छ होती.

"रिपोर्टात काय होतं हो?" त्यांनी घरी विचारलं.

"सांगितलं ना, अशक्तपणा." तो हसला, ताटाकडे बघूनच.

आता रोज एक दहाला त्यांचा घास हातातच राहतो. सिस्टर ते पान वाचत होत्या, की कुलूपताईंसाठी उघडून धरत होत्या?