नागपूरच्या यादीतून गळालेलं जेवण

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथं लिहितेय.

मंठ्याच्या आमच्या शाळेतल्या आम्ही सहा मॅडम दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला जाणार, तेही फक्त खायला. आज मधल्या सुट्टीत मी यादी लिहीत होते. सकाळी तर्री पोहे, दुपारी सावजी मटण, येताना संत्रा बर्फी.

तेवढ्यात सुजाता म्हणाली, "एक टाइम माझ्या बहिणीकडं जेवू. मटण लई भारी करती ती. मी सांगूनबी ठेवलंय तिला."

मंग एक जण म्हणाली, "तिला कशाला उगी तरास?" दुसरीला नेमका त्या दिवशी उपवास आठवला. दिवस अजून ठरलेलाच न्हवता!

सुजाता बौद्ध आहे. हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजच पडली नाही.

आणि मी? मीपण म्हणाले, "हो ना, एवढ्या जणींचं करायचं म्हणजे..."

सुजाता हसली. "राहू द्या मॅडम. फोन करून सांगते तिला." आणि तिनं अर्धा राहिलेला डबा बंद केला.

नागपूरच्या हॉटेलात स्वयंपाक कोण करतं, हे आम्ही कुणी विचारणार नव्हतो.

नऊ वर्षं एका टेबलावर जेवतोय. सगळ्यांच्या भाज्या इकडून तिकडं फिरतात. सुजाता माझी शेंगदाण्याची चटणी आवडीनं खाते. तिच्या डब्याला मात्र मी एकदाही हात लावलेला नाही, आणि हे मला आज कळलं.

उद्या तिच्याकडं भाजी मागावी म्हणतेय. पण तिनं आता का द्यावी?