माझ्या स्लॅबवरचं यंत्र आणि शैलजा मॅडम

मेहकरच्या कॉलेजातील शैलजा मॅडम साठ वर्षांच्या झाल्या, म्हणून हा गौरवग्रंथ. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते.

आमची पहिली ओळख हौदापाशी झाली. मॅडम माझ्या अंगणात वाकून डोळ्यापुढे एक काळसर काच गोल फिरवीत होत्या.

"बाई, काय पाहून राह्यल्या? म्हशीचं पाणी हाय ते."

त्यांनी काच माझ्या हाती दिली. मी फिरवली, तशी पाण्यावरची चकाकी विझली आणि तळाशी माझा हरवलेला तांब्या दिसला. तांब्या काढला, मग चहा ठेवला.

ऊन हवेतल्या धुळीवर आणि समुद्राच्या पाण्यात कसे विखुरते, विखुरल्यावर त्याची थरथर कोणत्या दिशेला वळते, याचे गणित मॅडम मांडतात. लोक पाठीमागे हसले. मी तोंडावर हसले.

"समुद्र कुठी अन् मेहकर कुठी! काऊन डोकं खपवता?"

"आजी, ऊन गाव पाहून नियम बदलत नाही."

गणित खरे की खोटे हे पाहण्यासाठी त्यांनी माझ्या स्लॅबवर आभाळाकडे तोंड केलेले यंत्र बसवले. काच पुसणे माझ्याकडे. एकदा मी खोबरेल लागलेल्या पदराने पुसली आणि स्वतःच जाऊन सांगितले. मॅडम रागावल्या नाहीत. त्या दिवसाची नोंद त्यांनी कारण लिहून खोडली आणि मला मऊ फडके आणून दिले.

पुढे सोयाबीनच्या मळणीत यंत्र आणि गणित जुळेना. मॅडमचा अहवाल तपासायला मोठ्या शहरातले साहेब आले. माझ्याकडे बघत म्हणाले, "आजींनीच काच बिघडवली असणार. एवढ्या नोंदी वगळा, अहवाल मंजूर."

मॅडम उभ्या राहिल्या. "काच मी रोज तपासली आहे. गणितात मी धुळीचा कण गोल धरला. मळणीचा भुसा गोल नसतो. चूक माझी आहे. नोंदी राहतील."

अहवाल नामंजूर झाला. मॅडमनी गणित नव्याने मांडले आणि पुढच्या मळणीला ते जुळले. तेव्हा मात्र साहेबांना मेहकर लांब पडले.

आता मॅडम निवृत्त होणार, म्हणून यंत्र उतरवून न्यायचा कागद आला आहे. मॅडमना अजून एक मळणी मोजायची आहे. न्यायला येतील त्यांना चहा मिळेल. शिडी माझी आहे, ती मिळणार नाही.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, डोळे स्वच्छ राहोत. आणि गुडघे तर शाबूत राहिलेच पाहिजेत, कारण शिडी फक्त त्यांच्यासाठी लागणार आहे.

— कौसाबाई, मेहकर